गाठीवर गाठ

हलिमाभाभींना जिची भीती वाटत नव्हती अशी एकच वस्तू मला आठवते, ती म्हणजे सुई. बाकी सगळ्याची वाटायची. कात्री उघडी राहिली तर घरात भांडणं होतात म्हणून काम झालं की ती मिटून मांडीखाली. दारात अनोळखी माणूस दिसला की मशीनवरचा पाय आपोआप थांबायचा. मोबाईलवर नवीन नंबर आला की तो वाजत असताना मलाच विचारायच्या, "कोन असंल गं, वैनी?" जशी काही मी फोनच्या आत बसलेय. मांजर, गच्चीचा जिना, बँकेतला शिपाई, शाळेचं कसलंही छापील पत्र, सगळ्यांपुढे भाभींचा चेहरा एकसारखाच व्हायचा. आम्ही गल्लीतल्या बायका त्यांची भरपूर चेष्टा करायचो. त्यात मी सगळ्यांच्या पुढे, कारण माझी जीभ जरा तिखटच आहे. पण एका मे महिन्यात या बाईनं तिची भीती माझ्या अंगात घातली, आणि ती अजून पुरती उतरलेली नाही.

कसबा बावड्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशीच त्यांची खोली होती. पुढे पत्रा, पत्र्याखाली पायमशीन, बसायला स्टुलावर एक उशी. वय साठीच्या आसपास, अंगानं ठेंगण्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मुलगी शबाना लग्न होऊन कागलला होती. इकडच्या सगळ्या बायकांसारख्या त्याही 'मी जातो, मी येतो' असंच बोलायच्या. वर्षभर ब्लाउज, फॉल-बिडिंग असली कामं असायची, पण मे महिना लागला की त्यांच्या पत्र्याखाली फक्त पोरंच दिसायची. गल्लीतल्या झाडून सगळ्या पोरांचे शाळेचे कपडे भाभी शिवायच्या, उसवायच्या, वाढवायच्या आणि एकाचे दुसऱ्याला करून द्यायच्या.

मी काटकसरी आहे. माझा नवरा, विलास, याला चिकटपणा म्हणतो, पण तो कागल एमआयडीसीत शिफ्ट करून दमून येतो आणि जूनमध्ये दुकानात मला उभं राहावं लागतं, तेव्हा त्याच्या म्हणण्याला मी किंमत देत नाही. माझ्या मुलीची, सानिकाची, पुस्तकं मी निकालाच्या दिवशीच वरच्या वर्गातल्या मुलीच्या आईकडून अर्ध्या किमतीत उचलायची. रेनकोट दिवाळीनंतर घ्यायची, तेव्हा दुकानदारालाही तो जड झालेला असतो. कव्हरं जुन्या कॅलेंडरची, गुळगुळीत बाजू आत. जुन्या वह्यांची कोरी पानं फाडून भाभींच्याच मशीनवर मधोमध टीप मारून घ्यायची, की दोन रफ वह्या तयार. राहता राहिला युनिफॉर्म, आणि तिथे भाभींशिवाय माझं पान हलायचं नाही.

शिवणाऱ्यांच्या भाषेत शिवणीच्या आत सोडलेल्या जादा कापडाला माया म्हणतात. दुकानातल्या तयार फ्रॉकला माया नावापुरती असते, कारण पोर वाढलं की तुम्ही नवीन घ्यावा हीच तर त्यांची इच्छा. भाभी तीन-तीन बोटं माया सोडायच्या. खाली दोन घड्या आतल्या आत, कमरेला चुण्यांच्या खाली लपवलेलं कापड. दर मे महिन्यात एक घडी उसवायची आणि जुन्या दुमडीची रेघ दिसू नये म्हणून तिच्यावरून निळी पट्टी फिरवायची. तीन वर्षं एक फ्रॉक. "पोरगं वाडलं तर कापड फाटाय नगं," त्या म्हणायच्या, "कापडानं वाट बघाय पायजे पोराची."

मापं घ्यायची त्यांची रीत निराळी होती. गळ्यात टेप असायचा, पण उंचीसाठी त्या तो वापरत नसत. प्रत्येक पोराच्या नावाची एक कापडाची पट्टी होती, पोराच्या पहिल्या कपड्यातून उरलेल्या कापडाची. खोलीतल्या एका खिळ्याला अशा पट्ट्यांचा जुडगा लटकायचा. पोराला चौकटीला टेकवून उभं करायचं, पट्टीचं एक टोक टाचेखाली दाबायचं, दुसरा हात टाळूपर्यंत न्यायचा आणि तिथे गाठ मारायची. दर वर्षी एक गाठ. कोण कुणाची पट्टी हे त्यांना रंगावरून कळायचं. सानिकाची पिवळी, तिच्या बालवाडीच्या फ्रॉकची.

"भाभी, टेपनं मोजा की, आकडा तरी कळंल," मी एकदा म्हटलं.

"आकडा तोंडानं बोलाय लागतोय. पोराची उंची तोंडानं बोलू नये. गाठ कुटं बोलती?"

मी हसले होते. ही बाई दृष्ट लागण्याला भिते, त्यात नवीन ते काय.

कापड आणायला महाद्वार रोडला जायचं तर मी भाभींना बरोबर घ्यायची. निघण्याआधी सानिकाला त्या बजावायच्या, "बारके, दुकानात ज्ये आवडंल त्याच्याकडं अजिबात बघायचं न्हाय. नावडतीचं असंल त्याच्याकडं बघायचं. दुकानदार पोरांच्या डोळ्यावरनं भाव लावत्यात." सानिकाला त्या बारकी म्हणत. दुकानात मी घासाघीस करायची, आवाज चढवायची, पायरी उतरून परत चढायची. भाभी काहीच बोलायच्या नाहीत. कापडाचं टोक दोन्ही हातांत धरून नुसत्या उभ्या राहायच्या, आणि भाव ऐकून त्यांचं तोंड इतकं घाबरंघुबरं व्हायचं की दुकानदारच म्हणायचा, "आजी, बसा, पाणी घ्या. जाऊ दे, मीटरमागं दहा कमी द्या." माझ्या अर्ध्या तासाच्या भांडणापेक्षा त्यांच्या दोन मिनिटांच्या भयाला जास्त सूट मिळायची. बाहेर आल्यावर मी म्हणायची, भाभी, भारी नाटक करता. त्या माझ्याकडे बघत राहायच्या. त्यांनी नाटक केलेलंच नसायचं.

सानिका दुसरीत असताना शाळेतून पत्र आलं की युनिफॉर्म ठरवून दिलेल्या दुकानातूनच घ्यावा. पत्र मी भाभींना वाचून दाखवलं आणि त्यांच्या हातातली रिळं खाली पडली. आता काय करायचं म्हणून मी डोक्याला हात लावून बसले होते, तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनीच मला आत बोलावलं, दार लोटलं आणि नवा फ्रॉक उलटा करून दाखवला. कॉलरच्या आत त्या दुकानाचं लेबल! कुणाच्यातरी विरलेल्या फ्रॉकचं लेबल एकेक टाका उसवून त्यांनी काढलं होतं आणि आमच्या फ्रॉकला बसवलं होतं, इतकं बेमालूम की मीच दोनदा बघितलं.

"वैनी, ह्याला चोरी म्हणत्यात काय गं?"

"कसली चोरी, भाभी. लेबलच आहे."

"पोलीस?"

शाळा सुरू झाल्यावर पुढचे आठ दिवस, सानिका घरी येईपर्यंत भाभींनी मशीनला हात लावला नाही. लेबल कुणी कधी बघितलंच नाही, हे वेगळं.

सानिका तिसरी पास होऊन चौथीत जाणार होती तो मे महिना. त्या वर्षी मी खुशीत होते. फ्रॉक घालून बघितला तर अगदी बेताचा, जसा गेल्या जूनमध्ये होता तसाच. ना खालून आखूड, ना खांद्यात घट्ट. बूटही तेच चालत होते. आणि पोरगी इतकी शहाणी झाली होती की दुकानात काही मागत नव्हती, शाळेतून आली की गप पडून राहायची, अभ्यास कर म्हटलं की करायची, झोप म्हटलं की झोपायची. वर्गाच्या बाई म्हणाल्या, फार शांत झाली तुमची मुलगी. मी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. मे महिन्यात संध्याकाळी ती स्वेटर घालून बसायची, तेव्हाही मला एवढंच वाटलं की चला, स्वेटरही अजून येतोय.

हे सगळं आता लिहिताना माझे मलाच कान धरावेसे वाटतात.

फ्रॉक घेऊन मी भाभींकडे गेले. कॉलर विरली होती, ती उसवून उलटी बसवायची होती, एवढंच काम. "यंदा घडी उसवायला नको भाभी," मी ऐटीत सांगितलं. "यंदाचा खर्च वाचला. नीट बसतंय की."

"हुबी ऱ्हा बघू, बारके," भाभी म्हणाल्या आणि खिळ्यावरून पिवळी पट्टी काढली.

सानिका चौकटीला टेकून उभी राहिली. भाभींनी टोक टाचेखाली दाबलं, हात वर नेला, आणि हात थांबला. त्यांनी पट्टी सोडली, झटकली, परत टाचेखाली घातली. परत वर. मग सानिकाच्या चपला काढायला लावल्या, त्या आधीच काढलेल्या होत्या. तिसऱ्यांदा मोजलं. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "बारके, आतनं पाणी आण जा मला."

ती आत गेल्यावर त्यांनी पट्टी माझ्यापुढे धरली. चिमटीत धरलेली जागा आणि गेल्या वर्षीची गाठ, दोन्ही एकच.

"गाठीवर गाठ आली, वैनी."

"म्हणजे?"

"म्हंजे वरसात पोरगी वाडली न्हाय. डाक्टरला दाव."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, भाभी, तुमचं काहीतरीच. आमच्या सासूबाई तरी कुठे उंच आहेत? काही मुलं उशिरा वाढतात. उगाच पोरीच्या पाठीमागे काही लावू नका. तुम्हाला तर झुरळाचीपण भीती वाटते. असं मी बरंच बोलले, आणि सानिका पाणी घेऊन आली तेव्हा तिचा हात धरून निघाले. फ्रॉक तिथेच राहिला.

घरी येऊन मी तिला चौकटीला उभं केलं. पण माझ्याकडे मागची खूणच नव्हती, कशाशी मोजणार? मग मी मोबाईलमधले तिचे जुने फोटो बघत बसले. गेल्या वर्षीच्या गणपतीत ती फ्रीजच्या हँडलच्या खाली होती. आत्ताही खालीच. मी मोबाईल बंद केला. विलासला सांगितलं नाही. मला वाटतं, दवाखान्यात गेलं नाही तर काही नसेलच, असा माझा हिशेब होता. दुसऱ्याच्या भीतीला हसणं सोपं असतं. माझी भीती अशी, की ती मी गादीखाली घालून तिच्यावर झोपत होते.

दहा-बारा दिवस गेले. शाळेला चार दिवस उरले तेव्हा मी सहज गेल्यासारखी फ्रॉक आणायला गेले. कॉलर उलटून तयार होती, इस्त्री झालेली होती, मला दिसत होती. भाभींनी फ्रॉक उचलला आणि स्वतःच्या मांडीखाली ठेवला.

"डाक्टरचा कागद आण. मग देतो."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ज्या बाईनं आयुष्यात कुणाला नाही म्हटलं नाही, शिलाई बुडवणाऱ्यालाही नाही, ती मला नाही म्हणत होती. ओठ कोरडे पडले होते, पण मांडी हलत नव्हती.

"भाभी, द्या इकडे. शाळा आलीय तोंडावर."

"न्हाय देत. मार मला, न्हाय देत."

"मी दुकानातनं नवीन घेईन!"

"घे. लई म्हाग हाय. तू घेनार न्हाईस, मला ठावं हाय."

मी पाय आपटत परत फिरले तेव्हा मागून त्या बोलल्या, मशीनकडे बघत, मला न सांगता कुणाला तरी सांगत असल्यासारख्या. "माजा यासीन. दोन ईदा एकच कुडता आला त्याला. मी खूश झालतो. कापड वाचलं म्हनून मी गल्लीत सांगत फिरलतो. त्याचं मूत्रपिंड सडत आलतं आतनं. आट वर्साचा हुता." आणि मग, "माजीच नजर लागली त्याला. खुशीची."

त्या पट्ट्या यासीननंतरच्या होत्या. इतक्या वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं.

मला हे सांगायला लाज वाटते, पण खरं सांगायचं तर त्या दिवशीही मी यासीनसाठी किंवा सानिकासाठी दवाखान्यात गेले नाही. नवा युनिफॉर्म घ्यायला लागू नये म्हणून गेले. म्हटलं, एकदाचा कागद आणून या बाईच्या तोंडावर टाकते.

डॉक्टर वयस्कर होते, कमी बोलणारे. त्यांनी सानिकाची नखं बघितली, केस बघितले, मान चाचपली, हाताचा एक्सरे काढायला सांगितला. सानिका नऊ वर्षांची होती. एक्सरे उजेडासमोर धरून ते म्हणाले, "हाडं सहा वर्षांच्या मुलीची वाटतात." मग विचारलं, "मागची उंची कुठे लिहिलेली आहे? शाळेच्या पुस्तकात असते ना?"

होती की. प्रगतीपुस्तकात उंचीचा रकाना होता, आणि तो दर वर्षी मीच अंदाजे भरून देत होते. दोन-दोन इंच वाढवून, कारण वाढतच असणार ना.

"अंदाज नको," डॉक्टर म्हणाले. "वाढ कधी थांबली ते कळलं तर पुष्कळ कळेल. आत्ताच थांबली की आधीपासून कमी होत आली, यात फार फरक आहे. काही आजारांत घाई करावी लागते." कसले आजार हे त्यांनी सांगितलं नाही, पण डोक्याचा फोटोही काढावा लागेल कदाचित, असं म्हणाले.

मी बाहेर येऊन भाभींना फोन लावला. नंबर माझाच होता, तरी त्यांनी बऱ्याच वेळानं उचलला. मी फक्त म्हटलं, "भाभी, पट्टी पाहिजे."

यासीन गेल्यापासून त्या कुठल्याही दवाखान्याची पायरी चढल्या नव्हत्या. शबानाच्या बाळंतपणालाही घरीच बसून राहिल्या होत्या. रिक्षातून उतरल्या तेव्हा तोंडावर पदर होता, आणि रुमालात गुंडाळलेली पट्टी त्यांनी छातीशी धरली होती. फिनेलचा वास आला तशा दारातच भिंतीला धरून थांबल्या. मी पट्टी मागितली. त्या देईनात. "मीच येतो," म्हणाल्या. "गाठी तुला वाचाय येनार न्हाईत."

डॉक्टरांनी पट्टी टेबलावर सरळ केली आणि टेप लावला. भाभी एकेका गाठीवर बोट ठेवून सांगत गेल्या, ही बालवाडीची, ही पहिलीला जाताना, ही दुसरीला, ही तिसरीला. डॉक्टर आकडे लिहीत होते. पहिली ते दुसरी दोन इंच. दुसरी ते तिसरी अर्ध्या इंचाहून थोडी जास्त. त्यानंतर काहीच नाही.

"म्हणजे दोन वर्षांपासून," डॉक्टर म्हणाले. मग भाभींकडे बघून, "आजी, हे फार चांगलं ठेवलंत."

भाभींचा चेहरा उजळायचा सोडून पांढरा पडला. त्या माझ्याकडे वळल्या. "वैनी, मागल्या वर्सी गाठ लई जवळ पडलती. मला दिसलतं. बोलाय भ्यालो."

मला राग आला, आला हे लपवत नाही. एक वर्ष, भाभी! एक अख्खं वर्ष! पण हीच बाई गेल्या वर्षी बोलली असती तर मी तेव्हाही हसलेच असते, हे मला त्या खुर्चीवर बसल्या बसल्या कळत होतं. मी त्यांचा हात धरला. त्यांचा जास्त गार होता की माझा, सांगता येत नाही.

रक्ताचा रिपोर्ट दोन दिवसांनी येणार होता. ते दोन दिवस मी वह्यांना कव्हरं घालत होते. घालून झाली की काढून परत घालत होते. विलासनं सुट्टी घेतली होती आणि तो नुसता दाराशी बसून राहिला होता. सानिका माझ्याजवळ चटईवर झोपलेली असायची, आणि तिचा श्वास चाललाय का हे बघायला मी दर थोड्या वेळानं वाकायची. नव्या वहीवर तिचं नाव लिहिताना माझा हात थांबला. चौथी, असं लिहायचं होतं. मला भीती वाटली की आपण लिहायची घाई करतोय. भाभी दुपारी यायच्या, उंबऱ्याच्या बाहेरच बसायच्या, सानिकाकडे बघायच्या नाहीत आणि थोड्या वेळानं उठून जायच्या.

रिपोर्ट आला. गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी जवळजवळ बंद पडली होती. डॉक्टर म्हणाले, डोक्याचा फोटो सध्या नको, रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, एक दिवसही चुकवायची नाही. वाढेल का, या प्रश्नावर म्हणाले, वाढायला हवी. किती वाढेल? ते आत्ता कुणी सांगू शकत नाही, उशीर बराच झालाय. मी घरी येताना त्या 'हवी' या एकाच शब्दाला धरून आले.

भाभींनी कागद बघितला नाही. फ्रॉक दिला, हाताला हात न लावता. पहिल्या दिवशी सानिका तोच घालून शाळेत गेली.

महिना गेला, दोन गेले. मी रोज सकाळी गोळी द्यायची आणि गॅसजवळ उभी राहून तिच्याकडे बघत राहायची. गणपती झाल्यावर मी भाभींना म्हटलं, एकदा मोजून बघा की. त्यांनी दोन्ही हात मागे नेले. "नगं. माज्या हातानं नगं. मी मोजलो आन् न्हायच वाडली तर? आन् वाडली तर मी परत खूश हुईन. खुशीचंच भ्या वाटतंय मला."

त्याच हिवाळ्यात त्यांचे डोळे गेल्यात जमा झाले. मोतीबिंदू पिकला होता, पण ऑपरेशन म्हटलं की त्या चार दिवस जेवत नव्हत्या. सुईत दोरा ओवता येईना, तसं शबाना येऊन त्यांना कागलला घेऊन गेली. मशीन विकली. पट्ट्यांचा जुडगा मात्र त्या पिशवीत घालून घेऊन गेल्या. निघताना सानिका शाळेत होती. ती यायच्या आतच निघायचं, असं त्यांनीच ठरवलं होतं.

नंतर फोन यायचा, महिन्यातून एकदा. एकच प्रश्न असायचा. "गोळी देतीस न्हवं?" देते, मी म्हणायची. मी सांगायला जायची, भाभी, आता सानिका... की लगेच पलीकडून आवाज यायचा, "सांगू नगं, सांगू नगं. मला कळाय नगं." आणि फोन बंद. आम्ही भेटायला येतो म्हटलं की काहीतरी कारण निघायचं, आज शबानाकडे पाव्हणे, उद्या मलाच ताप. अशी तीन वर्षं गेली. सानिका सातवीत गेली.

मग गेल्या मे महिन्यात शबानाचाच फोन आला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, भाभींना धरून-बांधून नेलं होतं. "अम्मीला थोडं थोडं दिसायलंय," ती म्हणाली. "दिसाय लागल्यापास्नं एकच बोलत्यात, बारकीला एकदा आना म्हनून. पर आल्यावर त्यांच्यासमोर उंचीचं बोलू नका."

शनिवारी सकाळी आम्ही एसटीनं कागलला गेलो. स्टँडवर गर्दी होती, लग्नाचे दिवस होते. गाडी वळून उभी राहताना मला खिडकीतून भाभी दिसल्या, काळा चष्मा लावलेल्या, शबानाचा हात सोडून गाडीच्या दाराशी येऊन थांबलेल्या. आधीपेक्षा आणखी लहान झाल्या होत्या. सानिका माझ्या पुढे उतरली आणि त्यांच्या समोरच उभी राहिली, हसत, काही न बोलता. तिची हनुवटी भाभींच्या कपाळाला लागत होती.

भाभी तिच्या बाजूनं वाकून गाडीच्या पायरीकडे बघत होत्या. एक हात त्यांनी पुढे धरला होता, खाली, कमरेच्या उंचीवर, लहान पोराला पायरी उतरताना धरायला धरतात तसा.

"ताई, जरा बाजूला व्हा की," त्या सानिकाला म्हणाल्या. "मागनं आमची बारकी उतरायलीया. गर्दीत पडंल ती."

सानिका हलली नाही. तिनं माझ्याकडे वळून बघितलं. मी पायरीवरच अडकले होते आणि माझ्या मागची माणसं उतरा, उतरा म्हणून ओरडत होती.